लिफाफा क्रमांक एकतीस

चौतीस वर्षं मी नाशिकरोडला नोटा मोजल्या,
कोऱ्या करकरीत, अजून कुणाच्याच नसलेल्या.
एक जरी कमी भरली की फाटक बंद.
मग डबे उपडे करून, बूट काढून
आम्ही रात्री अकरापर्यंत
एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसायचो.

आता मंडळीचा खजिनदार आहे.
पहिल्या रविवारच्या आधी आठवडाभर
शरणपूरच्या गल्ल्यांतून स्कूटर फिरते,
पिशवीत बासष्ट घरांची वही
आणि खाकी लिफाफे, नंबर माझ्याच अक्षरात.

पाळकसाहेब म्हणतात, "दबडेकाका, जोर करू नका,
दान हसत यावं."
वीजबिलाला हे कुणी सांगितलेलं नाही.
साहेबांचा स्वतःचा पगार दोन महिने थकलाय,
त्यांच्या बाईंनी व्हरांड्यात शिकवण्या सुरू केल्यात,
आणि ते दोघं मला चहात साखर जरा जास्तच घालतात.

तरुण संघाचा नेल्सन म्हणाला, क्यूआर लावा.
लावला, दाराजवळच्या खांबाला.
पहिल्या महिन्यात अकराशे आले, दुसऱ्यात ऐंशी.
कोड बिचारा तिथंच उभा असतो,
कुणाचं दार वाजवत नाही,
गुडघा कसा आहे विचारत नाही.

गंगापूर रोडचे सायलसशेठ लाख देतो म्हणाले,
वेदीशेजारी वडिलांच्या नावाची संगमरवरी पाटी हवी.
कमिटीतले सगळे एकदम सरळ बसले.
मी म्हणालो, पाटी लावा, पण मला दरमहा पाचशे पाहिजेत.
शेठ हसले, "काका, महिन्याचं लक्षात राहत नाही हो."
आता यांना कसं सांगू,
घंटेचा दोर एकदा जोरात ओढला
म्हणून ती वर्षभर वाजत नाही.

माझी आई स्वयंपाकाआधी
मूठभर बाजरी निराळ्या डब्यात टाकायची.
शनिवारी डबे गोळा व्हायचे,
पाळकाची चूल त्यावर पेटायची.
मुठीची पावती नव्हती.
ज्याचा हात लहान, त्याची मूठ लहान.
धाकटा म्हणून मीही टाकायचो, अर्धी सांडून.

एकतीस नंबर एलिशबाबाई उबाळे.
मिशनच्या दवाखान्यात आया होत्या,
आता मागच्या चाळीत एक खोली, एक शेगडी.
दर महिन्याला वीस रुपये, टाचणीने टोचलेले.
या वेळी लिफाफा भाताच्या शितांनी चिकटवलेला होता,
चारी कडांनी, घट्ट.
त्यांनी तो दोन्ही हातांनी दिला
आणि लगेच तांदूळ निवडायला बसल्या.

रात्री घरी उघडला.
आत काही नाही.
जुन्या सवयीने ट्यूबलाइटसमोर धरला,
पाणचिन्ह बघतात तसा.
खाकी कागद, एक वाळलेलं शीत, पलीकडे उजेड.

चुकून झालं म्हणावं तर इतकी चिकटवाचिकटवी कशाला?
माझ्या हातात बंद लिफाफा पडावा,
शेजारणीने तो पडताना बघावा,
आणि एकतिसावी ओळ कोरी राहू नये,
एवढ्यासाठी असेल.
किंवा नसेल. मी विचारणार नाही.

बेरीज वीसने चुकत होती.
आतून रत्नमाला ओरडली,
"अकरा वाजले! टाका ना खिशातले वीस, आणि झोपा."
टाकता आले असते.
पण मग ते माझे वीस झाले असते,
आणि तिच्या लिफाफ्यात मला काही घालायचं नव्हतं.

एकतीसपुढे आकडा लिहिला नाही.
शाईने फक्त बरोबरची खूण केली, जरा मोठीच.

रविवारी हिशेब वाचला, वीस रुपये फरकासकट.
कुणी खोकलं, कुणी मान हलवली.
उबाळेबाई चौथ्या बाकावर गाण्याचं पान शोधत होत्या.
पाटी अजून लागलेली नाही, शेठ गावाला गेलेत.

उपासना सुटली, लोक आपापल्या घरी गेले.
हिशेब जुळलेला नसताना
फाटक सताड उघडं होतं.
तसं आमच्या फाटकाला कुलूपच नाही.
घ्यायचंय. पुढच्या महिन्यात बघू.