फुटल्या, सहा

रजिस्टरचं पान अठ्ठेचाळीस.
सापाची लस: आली दहा, वापरली चार,
फुटल्या सहा.
अक्षर माझंच. वळणदार.
मिशनच्या शाळेत त्याला बक्षीस मिळालं होतं.

फुटली एकही नव्हती.
रुमालात गुंडाळून, बर्फाच्या थर्मासात
तालुक्याच्या खाजगी डॉक्टरकडे मीच पोचवल्या
आणि त्या पैशात बैठकीला गिलावा केला.
त्याच भिंतीवर वचनांचं कॅलेंडर.
अकरा वर्षं झाली, दर जानेवारीला नवं,
खिळा तोच.

पोराला त्यांनी खाटेवर घालून आणलं.
पऱ्हाट्या ओढताना घोणस.
हिरड्यांतून रक्त, वय नऊ.
मी फ्रिज उघडला.
आत काय आहे ते मला माहीत होतं,
तरी उघडला,
आणि त्या थंड पिवळ्या उजेडात
बराच वेळ उभा राहिलो
शोधत असल्यासारखा.

विकणं हे एक पाप.
ते शोधणं दुसरं,
आणि दुसरंच मला झोपू देत नाही.

मातीला मीही गेलो होतो.

प्रभुभोजनाच्या रविवारी मागच्या बाकावर बसायचो.
ट्रे जवळ आला की खोकला यायचा,
बाहेर जायचो, निंबाखाली थुंकायचो.
लोकांना वाटलं दमा.
पाळकबाईंनी आल्याचा काढा पाठवला एकदा.
तोही प्यायलो, निर्लज्जासारखा.

शेवटी शांतवन पाळकांना सांगितलं.
त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला.
"पेत्रानं नाकारलं, यहूदानं विकलं,
पस्तावले दोघंही.
एक जण सकाळपर्यंत थांबला, बस.
प्रभू काठावर मासे भाजत होता.
किती जणांचे भाजले होते, कोण जाणे."
मग एकदम चिडले:
"पण तू माझ्याकडे आधी कसा आलास?"

कमिटीला लिहून दिलं. ठाण्यात लिहून दिलं.
जमादार म्हणाला, आताच का?

पंचफुलाबाई डाळीतले खडे निवडत होती.
मी उभ्यानंच सगळं सांगितलं,
रुमाल, थर्मास, फ्रिजमधला उजेड.
तिचे हात थांबले नाहीत.
"नाव घे त्याचं."
बाई, मी...
"नाव घे. अकरा सालात तुया तोंडून आयकलं नाही."

गजू, मी म्हणालो.
गजानन.

तिनं एक खडा उचलला
आणि चिमटीत तसाच धरून बसली,
टाकेना, ठेवेना.
"तुया देव करते का माफ?"
म्हणतात, करतो.
"मंग त्यालेच माग. माह्याजवळ नाही."

निघालो तर म्हणाली, थांब.
तांब्या घेऊन आली.
"गोडं पाणी दोन कोसावून येते. ते तुयासाठी नाही.
हे इहिरीचं हाये."
आमच्या खारपाणात पाहुण्याला कुणी हे पाणी देत नाही,
गुरंसुद्धा तोंड लावून मान काढून घेतात.
मी सगळं प्यायलो, तळच्या गाळासकट.
ती उभी राहून पाहत होती.
तांब्या परत घेताना
तिचं बोट माझ्या बोटाला लागलं,
तिनं ते पदराला पुसलं.

त्या रविवारी ट्रे आला, खोकला आला नाही.
उकळलेल्या मनुकांचा रस, बोटभर स्टीलचा पेला.
हात इतका कापत होता
की शेजारच्या एलिया मास्तरनं मनगट धरलं.
स्वच्छ झालो म्हणून घेतला नाही.
तहान लागली होती.
रस खारट लागला.

गिलावा अजून भिंतीवर आहे.
दर गुरुवारी सायकलवरून
गोड्या पाण्याचा कॅन तिच्या ओट्यावर ठेवून येतो.
दार उघडत नाही.
कधी कॅन भरलेला तसाच असतो, वर धूळ.
परवा रिकामा होता,
धुऊन, उपडा घातलेला.