यंदाची भरती

सभा सातला, कॉफी साडेसहापासून.
इतिवृत्त मी लिहिते, सतरा वर्षं झाली,
आणि पहिला विषय सतरा वर्षं तोच:
आस्गर उठतो, टोपी काढतो, आकडा सांगतो.
स्वयंपाकघराच्या भिंतीपासून कड्याच्या टोकापर्यंत
गेल्या वसंतात एकतीस पावलं भरली होती.
यंदा चोवीस.
मागून कुणीतरी म्हणतं, गुडघा दुखतोय ना तुझा?
पावलं आखूड पडत असतील.
आस्गर जरा विचार करतो.
"मग तर अंतर त्याहून कमी झालं."
हसू फुटतं, आणि मध्येच कुठेतरी विरतं.
मी लिहिते: चोवीस.
गुडघ्याचं लिहीत नाही.

मग वर्गणी. कड्यावरच्या घरांना तीन वाटे,
मागच्यांना एक.
तोव राहते चर्चच्याही पलीकडे,
तिचा प्रश्न ठरलेला: दुसऱ्यांच्या खिडकीतल्या समुद्राचे पैसे मी का भरू?
आणि आस्गरचं उत्तर ठरलेलं:
"मी पुढे आहे, म्हणून तू मागे आहेस."
दक्षिणेकडच्या गावाचं पत्र आलं होतं:
तुमचे बांध आमच्याकडे येणारी वाळू अडवतात.
पत्र वाचण्यात आलं.
पत्र खरं होतं.
पुढील विषय घेण्यात आला.

जूनमध्ये जहाज येतं.
दूर कुठेतरी तळाशी सोंड लावून पीत बसतं,
मग काठाशी येऊन ओकतं:
पाण्याची नि वाळूची एक काळी कमान,
तिच्याखाली चिडलेले कुरव पक्षी.
आमच्याकडे याला किनाऱ्याला भरवणं म्हणतात,
आजारातून उठलेल्या पोराला भरवावं तसं.
नव्या वाळूला बंद तळघराचा वास असतो.
तीन दिवसांत ती पांढरी पडते,
शिंपले मात्र परकेच राहतात.
गुड्रुनच्या नातवाला तिच्यात एक दाढ सापडली, बुटाएवढी,
कोणत्या जनावराची कुणास ठाऊक;
ती शाळेच्या खिडकीत ठेवली आहे.
पाइप रात्रभर घरघरतो.
झोप लागत नाही, आणि त्याचं वाईटही वाटत नाही.

रिक्के नावाची इंजिनिअर आली होती, कोवळी पोर,
पडद्यावर रेघा दाखवत म्हणाली:
ही वाळू राहायला टाकलेली नाही.
ही जायलाच टाकली आहे.
समुद्र जोवर ही खातो, तोवर कडा खात नाही.
म्हातारे कोळी बराच वेळ गप्प.
मग एक जण म्हणाला,
"म्हणजे आपण त्याचा शिधा भरतोय."
"हो," ती म्हणाली. तिला दुसरा शब्द सुचला नाही.

ऑक्टोबरात दुसरी भरती आली,
हिला वर्गणी लागत नाही.
तीन रात्री.
चौथ्या सकाळी बंकर पुन्हा कमरेपर्यंत उघडा.
युद्धात जर्मनांनी तो कड्याच्या माथ्यावर बांधला होता;
माझी आई त्याच्या छपरावर चादरी वाळवायची.
मी त्यावरून उड्या मारल्या, तेव्हा तो उतारावर कलंडलेला.
आता त्याच्यावर पाणकावळे पंख सुकवतात,
लाटांच्याही आत.
तो कुठेच गेलेला नाही.
जटलंडचा हा काठच त्याच्या मागे मागे सरकत गेला.

सभा सातला.
आस्गर उठला, टोपी काढली.
गुडघा नवा बसवलाय, म्हणून यंदा दोनदा मोजलं, म्हणाला.
चोवीस.
दोन्ही वेळा.
क्षणभर कुणाला कळेना,
मग टाळ्या सुरू झाल्या, तोवनेसुद्धा वाजवल्या,
काहीही न घडल्याबद्दल.
वर्गणी मंजूर. तीन वाटे, एक वाटा.
दक्षिणेचं पत्र पुन्हा आलं होतं.

सगळे गेल्यावर मी सभागृह झाडलं.
बुटांखालून आलेली वाळू, सुपलीभर,
काही जुनी, काही यंदाची; आता कोण निवडणार.
टॉर्च घेऊन कड्यापर्यंत गेले
आणि खाली टाकली.
वारा समोरून होता,
अर्धी माझ्याच अंगावर आली.
याची नोंद इतिवृत्तात नाही.