फुंका

"फुंका," हवालदार म्हणाला, पाम बीचवर, रात्री पावणेएकला.
भाच्याच्या साखरपुड्याचे दोन पेग नळीतून गेले.
चिठ्ठी आली: सत्तेचाळीस.
तीसपर्यंत चालतं, म्हणे.

"प्रत द्या. रक्त तपासा. हक्क आहे माझा!"
मी ओरडलो,
आणि हक्क या शब्दालाच वास आला.

प्रत मिळाली.
वाशीच्या इस्पितळात रक्तही घेतलं.
ते माझ्या बाजूने बोललं नाही.

बेलापूर कोर्टात नाखवा वकील कुजबुजले,
"कबूल करायलाच हवं असं नाही."
इतक्या हळू आवाजात
कुणी समजावलं नव्हतं कधी.
कबूल केलं.

दंड भरला. लायसन्स गेलं सहा महिने.
आता हेमांगी चालवते स्कूटर,
मी मागे, मांडीवर मेथीची पिशवी.

परवा त्याच नाक्यावर तिला थांबवलं.
तिने फुंकलं. शून्य.
मागे बसून मी
श्वास रोखून धरला होता.