ळ

नऊ वर्षं झाली, माझी अक्षरमाला पुरी होत नाही.
क ते ज्ञ सगळी तयार आहेत,
ङसुद्धा, ज्याची कुणालाच आठवण होत नाही.
अडलंय ते ळपाशी.
दोन वेढे त्याचे. डावा गोल आला की उजवा चपटतो,
उजवा सावरला की अख्खं अक्षर
कुशीवर वळलेल्या आजारी माणसासारखं दिसतं.
पलंगाखाली ट्रेसिंग पेपरच्या एकशे बारा सुरळ्या,
आणि दिवाळीच्या साफसफाईला नवऱ्याचा ठरलेला प्रश्न,
"हे अजून आहे का?"
आहे.

बाबा वडाळा डेपोत बसच्या पाट्या रंगवायचे.
परळ, वरळी, भायखळा, काळबादेवी, काळाचौकी.
ही मुंबई ळशिवाय लिहिताच येत नाही.
डाव्या मुठीवर उजवं मनगट टेकवून
दिवसाला चाळीस-पन्नास ळ काढायचे ते,
मधेच विझलेली विडी पेटवत.
मी एकदा विचारलं, यातला सगळ्यात चांगला कुठला?
म्हणाले, "जी बस सुटली, तिच्यावरचा."
तेव्हा मी जे. जे.त शिकत होते.
मनात म्हटलं, कारागीर आहेत बाबा. कलावंत नव्हेत.
किती पटकन म्हटलं होतं.

माझ्या आत एक मुद्रितशोधक बसलाय,
लाल शाईचा.
पगार घेत नाही, रजा घेत नाही,
पेन्सिल टेकायच्या आधीच खूण करून मोकळा होतो.

परवा गिरणीत वाघधरे म्हणाले,
"ताई, पाटी पार गंजली. गुरुवारी नवी चक्की बसतेय.
तुम्ही काढता ना काहीतरी, अक्षरंबिक्षरं?"
काढते म्हटलं. अक्षरंबिक्षरं.
"मग लिहा.
येथे सर्व प्रकारचे दळण दळून मिळेल.
खाली तांदूळ, डाळ, ज्वारी.
वेळ सकाळी आठ ते दुपारी एक."
डबा हातात धरून मी उभ्या उभ्या मोजले.
सात.

बुधवारी रात्री शटर अर्धं ओढून
पत्रा दोन पिंपांवर आडवा टाकला.
पहिला ळ बरा आला. दुसराही.
'मिळेल'पाशी ब्रश जरा जास्त भरला गेला
आणि उजवा वेढा फुगला,
गालात पेरू धरलेल्या पोरासारखा.
पुसायला गेले तर टर्पेंटाइनची बाटली रिकामी.
बारा वाजले होते. नायगावात कुठलं दुकान उघडं?
वाघधरे स्टुलावर पेंगत होते,
आणि जुन्या चक्कीचं पीठ
हवेतून सावकाश उतरत
ओल्या काळ्या रंगावर बसत होतं.
उरलेले चार तसेच काढले,
मागे न बघता.

सकाळी कांबळ्यांची पहिलीतली पोर डबा घेऊन आली.
मान वर करून, हवेत बोट फिरवत,
"द... ळ... ण. दळण!"
आणि लगेच वाघधऱ्यांना,
"जाड नको, मम्मीने सांगितलंय."
ळ तिला दिसलाच नाही.
ती त्याच्यातून सरळ पिठापर्यंत गेली.

मी तिथेच उभी.
ळने सुरू होणारा एक शब्द आठवून बघितला. नाही सापडला.
तो येतो मधे, नाहीतर शेवटी,
बाकीची अक्षरं पुढे निघाल्यावर.
आणि मी नऊ वर्षं सगळ्यांना थांबवून ठेवलेलं
त्याच्यासाठी.

घरी येऊन सुरळ्या ओढल्या. शिंका आल्या.
सदतिसावी उलगडली.
बरा होता की हा!
कोपऱ्यात माझ्याच हातची तारीख,
सहा वर्षांपूर्वीची.
त्या दिवशी काय खुपलं होतं, आता आठवेना.

संध्याकाळी सगळी अक्षरं पाठवून दिली,
सदतिसाव्यासकट.
मुद्रितशोधक म्हणाला, उजवा वेढा.
म्हटलं, हो, दिसतोय मला.
आणि कुकर लावायला उठले.