माणूस काम करत आहे

आधी रिमोट, मग बॅटरी.
उतरवताना उलटं : आधी बॅटरी, मग रिमोट.
दर रविवारी सव्वासहाला
सूसच्या टेकडीमागच्या मोकळ्या रानात
मी हे मोठ्याने म्हणतो
आणि शेजारचा शार्दूल, वय अकरा, विचारतो,
"काका, कुणाला सांगताय?"

हेलिकॉप्टर गवतावर बसलेलं असतं.
एकेक पातं हातभराहून लांब, काळ्या कार्बनचं.
थांबलेलं असताना खेळणं.
मिनिटाला दोन हजार फेऱ्यांना ते दिसतच नाही,
नुसती हवा जाड होते.

पेट्रोलचं इंजिन निदान घसा साफ करतं,
खोकतं, धूर सोडतं, दोरी ओढून घेतं.
ही मोटर गप्प बसते.
आणि गप्प बसणं म्हणजे बंद असणं नव्हे.

मार्चमध्ये पाषाणच्या घरी, जेवणाच्या टेबलावर
मी शेपटीचा सर्वो जुळवत होतो.
पाच मिनिटांचं काम, म्हणून पाती काढली नाहीत.
म्हणून तारा सोडल्या नाहीत.
रिमोट कुशीत धरून वाकलो
आणि बाहीची गुंडी अडकली होल्डच्या बटणात.
टक्.

पाती आधी सावकाश फिरली,
एखादा माणूस झोपेतून उठताना वळतो तशी.
तेवढ्यात बटण मागे घेता आलं असतं.
मी बटण शोधत होतो, खाली बघून.

पडदा गेला. वर्तमानपत्र गेलं.
भिंतीत एक कोर उमटली, बोटभर खोल.
वृंदा आतून आली,
भिंतीकडे पाहिलं, माझ्या हातांकडे पाहिलं,
ओठ न हलवता बोटं मोजली,
आणि गॅस बंद करायला परत गेली.

मला माहीत नव्हतं असं नाही.
अडतीस वर्षं भोसरीत, प्रेस शॉपला मेंटेनन्स.
मशीन उघडलं की मेन स्विचला कुलूप,
चावी काम करणाऱ्याच्या खिशात,
वर लाल पत्र्याची पाटी :
चालू करू नका. माणूस काम करत आहे.

दिगंबर गव्हाणे साच्यात हात घालून
तुटलेली स्प्रिंग काढत होता.
दुसऱ्या पाळीचा कुणी आला, मशीन बंद दिसलं,
त्याने स्विच वर केला.
मी नाही केला.
कुलूप मात्र माझ्या डब्याच्या पिशवीत होतं.
चहाची वेळ झाली होती.

पाटी मी निवृत्तीच्या दिवशी घरी आणली.
कुणाला विचारलं नाही.

आता टेबलावर मॉडेल आलं
की मोटरच्या तिन्ही तारा सोडवतो.
दोन पुरतात म्हणतात. पुरत असतील.
पाती पलंगावर, उशीच्या बाजूला.
सर्वो तरी कुईकुई करत मान हलवतात, तेवढं पुरे.
मुद्दाम रिमोट बंद करून बघतो :
माझा हात सुटला तर हे काय करील?
काही करणार नाही, याची खात्री होईपर्यंत
चहा घेत नाही.
भिंतीतली कोर वृंदा बुजवू देत नाही.

गव्हाणे एकदा आला होता इथे रानात.
उडताना बघितलं, म्हणाला, "झकास रे."
आणि टाळी दिली, डाव्या हाताने.
मीही डावाच पुढे केला.

"शार्दूल, पाटी."
तो बॅटरीच्या वायरवरची लाल पाटी काढून घेतो.
रिमोट चालू. होल्ड लावलेला.
मी म्हणतो, "होल्ड." तो बघतो, मग म्हणतो, "होल्ड."
बॅटरी जोडतो. टिणक उडते. मोटर तीनदा गुणगुणते.
मी अंग आवरून मागे सरतो
आणि तो पाठ न वळवता पावलं मोजत जातो,
अकरा, बारा, तेरा,
चौदाव्याला खड्डा, सावरतो,
पंधरा.

"काका, पाटी माझ्याकडे आहे!"

मग बटण.