सातवं पाणी

झिपरी फुई पाणी मोजते, दारू नाही.
वरच्या घमेल्यातलं पाणी ऊन झालं
की उपसून ओढ्याकडे फेकते,
नवं गार भरते,
आणि दगडावर एक हिरडा मांडते.
चार झालेत.
सातावर ती जाळ मागे ओढेल.
आठव्या पाण्याची जावयाला, म्हणते,
त्याला कुठं कळतं.

सांध्यांना नागलीच्या पिठाचा लेप.
फट पडली की बोटानेच बुजवते,
बोट भाजतं, तोंडात घालते, पुन्हा बुजवते.
खाली मोहाची फुलं खदखदतात,
चैत्रात अंधाराचं उठून वेचलेली,
वानरांच्या आधी, शेरडांच्या आधी,
जावेच्या तर नक्कीच आधी.

वळणावर काळू शेरडं घेऊन बसलाय.
खाकी दिसली की शीळ.
माझ्या कामाच्या जागी परवाना भिंतीवर असतो,
काचेत, वर छोटा दिवा.

दिंडोरीकडच्या वायनरीत आहे मी.
काळा एप्रन, छातीवर पितळी पट्टी: हेमला गावित.
सुरतेचे, पुण्याचे पाहुणे येतात.
पेला तिरका धरा, सांगते, फिरवा,
आता नाक आत.
आधी जांभूळ येईल, मग ओक, शेवटी थोडं चामडं.
ओकचं झाड मी पाहिलेलं नाही.
चामडं म्हटलं की फुवाची चप्पल आठवते
आणि मी पुढच्या टेबलाकडे जाते.

फुवा द्राक्षाच्या छाटणीला जायचा,
सुरगाण्याहून टोळीसोबत, पिकअपच्या हौद्यात उभा.
कात्रीचा घट्टा अंगठ्यावर मरेपर्यंत होता.
मरण तसं साधंच. कावीळ.
वणीच्या दवाखान्याचा व्हरांडा,
सलाइन अर्धं शिल्लक.

काल मी बाटली आणली,
दिवाळीला कामगारांना मिळते ती, लाल,
बाहेर चौदाशेची.
फुईने बूच हुंगलं. मग बाटलीचं तोंड. मग पुन्हा बूच.
"आंबलंय बेस," म्हणाली,
"पण कुणी चुलीवर चढवलंच नाही ह्याला.
अर्ध्यातच विकतात होय?"

आणि आज सकाळी
मी ओढ्यावरून येईतो
तिने ती सगळी हंड्यात ओतली होती,
मोहावर.
मी घागर खाली ठेवली, एवढंच.

पहिली धार आली, उग्र, डोळ्यांत जाणारी.
ही पिऊ नये, आमचा लॅबवाला सांगतो,
विष आधी वर येतं.
तेच सांगायला मी तोंड उघडलं,
तोवर पळसाचा दोना भरून तिने
बांधावरच्या दगडाशी रिता केला.
"घे रे. तुझ्या बागांतलं पण हाय यात."
मग माझ्याकडे न बघता,
"मेल्याला आणखी काय होणार."

पाचवा हिरडा.
चार थेंब तिने जाळावर शिंपडले,
भपकन निळं.
दोना माझ्या हातात आला.
सवयीने तिरका धरला,
नाक आत घातलं,
शब्द शोधला.
धूर.
धूर, आणि चैत्रापासून पोत्यात दबलेलं
काहीतरी गोड,
फुईच्या लुगड्याच्या ओच्यासारखं.
हे पाहुण्यांना कसं सांगायचं.
"पी ना," फुई म्हणाली,
"वास काय घेतेस मांजरीसारखी."

पुढचं पाणी ओढ्याकडे गेलं,
हिरडा मांडायचा राहिला.
पाच की सहा?
आम्ही दोघी दगडाकडे बघत राहिलो.
तेवढ्यात वळणावरून शीळ,
एक लांब, दोन तुटक.
फुईने कान दिला.
मी एप्रन नसताना एप्रनला हात पुसले.
"शेरडू चुकलंय त्याचं," ती म्हणाली
आणि लाकूड आत सारलं.

रिकामी बाटली धुऊन
कुडाच्या खुंटीला उलटी लावलीय.
मोहट्यांच्या तेलाला होईल.
बूच बेस आहे, म्हणते.
बूच मात्र बेस आहे.