लाल जिलेटीन

टामो बोटीवर गेलाय, ग्रीनलँडच्या बाजूला.
ब्रेमरहाफनच्या तिसऱ्या मजल्यावरचा त्याचा दीडशे लिटरचा समुद्र
सहा आठवडे माझ्याकडे.
फ्रिजवर चिठ्ठी:
उडालेलं पाणी गोड्यानेच भर. मीठ नको.
खाणं चिमूटभर.
कशालाही घाबरू नकोस.

रात्री दोनला टॉर्चवर लाल जिलेटीन बांधून बसते.
लाल उजेड त्यांना दिसत नाही म्हणे.
खडकाच्या भोकातून एक आला,
बोटभर, वीतभर, मग मी मोजणं सोडलं.
दोन्ही कडांना पांढरे केस,
बाटली घासायचा ब्रशच चालायला लागावा तसा.

दुसरा दिसतच नाही. नुसत्या शेवया वाळूवर,
आणि कुणीतरी एकेक आत ओढतंय.

तिसऱ्याला मी शेंगदाणा म्हणते.
काचेला बोट लागलं
की तो स्वतःच्याच आत जातो.

टामोच्या पुस्तकात सगळा हिशेब डोक्यापाशी.
मिशा पाच, आणि पट्टेदार,
तर तो शिकारी. चिमट्याने काढ.
बाकीचे राहू देत.
कोळंबीचा तुकडा धरून मी वाट बघते.
एक, दोन, तीन...
बंदरात भोंगा झाला,
आणि तो गेला आत.

मंगळवारी पिवळा मासा मेला.
जाळी आणायला उठले, तर खालच्या फ्राउ लुब्बर्स दारात,
त्यांचा गुडघा, त्यांची सून.
परत आले तेव्हा खडकामागे केसाळ गर्दी.
सकाळी वाळू स्वच्छ.
एक काटा तेवढा.

टामोला कळवलं:
पाणी पंचवीस अंशांवर.
किडे बरेच आहेत, नावं जुळत नाहीत अजून.
माशाचं नाही लिहिलं.
तीनपर्यंत पोचले होते,
आज पुन्हा बसेन.